निमुळती झालेली शाल आणि 'प्रगत' टाक्यांची ओढ

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा: दीड वर्षापूर्वी त्यांनी व्हिडिओ पाहत क्रोशाचे विणकाम शिकायला घेतले. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब हे टाके त्यांना घालता येतात, मात्र व्हिडिओ बंद केला की हात थांबतो, आणि पॅटर्न, म्हणजे विणकामाच्या लेखी सूचना, वाचता येत नाहीत. खांबांची एक शाल त्यांनी उत्साहाने सुरू केली, ती दोन्ही बाजूंनी आत येत निमुळती होत गेली. मुक्या खांबांचे गोल आसन करायला घेतले, तर त्याच्या कडेला लाटा पडल्या. अशा आणखीही काही अर्धवट वस्तू कपाटात पडून आहेत. त्यांच्यानंतर शिकू लागलेली एक मैत्रीण आता पॉपकॉर्नचे (उठावदार गोळ्यांसारखे) आणि केबलचे (वेणीसारखे) टाके घालून ब्लँकेट विणते आहे. त्या विचारतात, की आपणही आता प्रगत टाक्यांच्या वर्गात नाव घालावे, की सगळे बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. आणि मुळात ही कला आपल्या हातात नाहीच, असे तर नसेल ना?

प्रिय भगिनी,

तुमचे तिन्ही प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत. क्रोशे म्हणजे पायऱ्यांची वाट, खाली सोपे टाके, वर अवघड टाके, आणि जी वरचे टाके घालते ती पुढे गेलेली, असे तुम्ही धरून चालला आहात. या हिशेबाने तुमची मैत्रीण वर पोहोचली आणि तुम्ही मध्येच अडकलात. मला हा हिशेबच पटत नाही, आणि तो का पटत नाही हे नीट सांगितले तर तुमच्या पुढच्या निर्णयाला त्याचा उपयोग होईल.

क्रोशामध्ये हालचाली तीनच आहेत: सुई कुठेतरी घालणे, दोऱ्याचा वेढा घेणे आणि तो फासातून ओढून आणणे. सुई घातली, दोरा ओढून आणला, पुन्हा वेढा घेतला आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढला की मुका खांब झाला. सुई घालण्याआधी एक वेढा घेतला आणि शेवटी तिन्ही फासांतून एकदम दोरा काढला की अर्धा खांब. तेच फास दोन-दोन करून सोडवले की खांब. आधी दोन वेढे घेतले की त्याहून उंच खांब. पॉपकॉर्नमध्ये याहून वेगळे काय आहे? एकाच जागी पाच पूर्ण खांब घालायचे, सुई फासातून बाहेर काढायची, पहिल्या खांबाच्या डोक्यातून ती समोरून आत घालायची आणि सोडलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. यातली प्रत्येक हालचाल तुम्हाला आज येते. ज्याला आपण प्रगत म्हणतो त्यात बहुतेक वेळा नवे असते ते एवढेच, की सुई नेहमीपेक्षा वेगळ्या जागी जाते, किंवा सुईवर नेहमीपेक्षा जास्त फास वाट पाहत राहतात.

म्हणूनच 'पुढचा टाका कोणता शिकू' हा प्रश्न मी बाजूला ठेवते आणि तुम्हाला दुसरा विचारते: तुम्ही विणलेला तुकडा हातात घेतला, तर त्यातला पहिला टाका कोणता, शेवटचा कोणता आणि पुढची सुई नेमकी कुठे जाणार, हे तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय सांगता येते का? व्हिडिओ बंद होताच हात थांबतो, असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून उत्तर बहुधा 'नाही' असे असावे. यात तुमचा दोष नाही. व्हिडिओमध्ये हात दिसतो, पण सुई कुठे घालायची हा निर्णय विणणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांनी आधीच घेतलेला असतो आणि आपण फक्त त्याची नक्कल करतो. तुमचे हात तयार झाले आहेत, डोळे अजून व्हायचे आहेत. त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज मला दिसत नाही, आणि केवळ नव्या टाक्यांसाठी वर्गाला जाण्याचीही नाही.

डोळे तयार करण्यासाठी सर्वांत आधी दोरा बदला. गडद रंगाची, केसाळ किंवा फार बारीक लोकर दिसायला कितीही मोहक असली तरी तिच्यात टाके ओळखू येत नाहीत. फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि 4 किंवा 5 मिमीची सुई घ्या. वीसेक मुके खांबांच्या काही ओळी विणा आणि मग सुई काढून ठेवून तो तुकडा वरून पाहा. प्रत्येक टाक्याचे डोके दोन धाग्यांचे, वेणीच्या पेडासारखे दिसेल. त्या दोन्ही धाग्यांखालून सुई घालायची ही नेहमीची पद्धत. डोक्याखाली दांडा असतो, आणि उंच खांबांमध्ये डोके दांड्याच्या अगदी माथ्यावर नसून किंचित बाजूला सरकलेले असते. नवशिक्या हाताची सुई पुष्कळदा याच ठिकाणी चुकते, कारण ती दोन दांड्यांमधल्या मोकळ्या जागेलाच टाका समजते. प्रत्येक ओळ संपली की डोकी मोजा. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात स्टिच मार्कर, म्हणजे खुणेची छोटी कडी, अडकवा; नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही चालतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मी मान्य करते, पण मोजण्याचा कंटाळा करून सरळ कड मिळवण्याची दुसरी वाट मला ठाऊक नाही.

आता तुमच्या शालीकडे येऊ. ती 'दोन्ही बाजूंनी' आत आली, हा तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आहे. खांबांची ओळ संपवून वळताना आपण तीन साखळ्या घालतो आणि त्या तीन साखळ्यांना बहुधा नव्या ओळीतला पहिला खांब धरले जाते. म्हणून त्यांच्या पायथ्याचा टाका सोडून पुढच्या टाक्यात दुसरा खांब घालायचा, आणि ओळीच्या शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. ही वरची साखळी खांबासारखी दिसत नाही, ती कडेला जरा मुडपून बसते, आणि म्हणून ती हटकून सुटते. ती प्रत्येक ओळीत सुटली की दर ओळीला एक खांब कमी होतो, आणि काम दर वेळी उलटत असल्याने घट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडून तुकडा दोन्हीकडून सारखाच निमुळता होतो. एकच बाजू आत आली असती, तर चूक एकाआड एक ओळीत होते आहे असे म्हणता आले असते. उलट, तुकडा रुंद होत जात असेल, तर पायथ्याचा टाका न सोडता तिथेही खांब घातला जात असतो. तुमच्या शालीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीतले खांब मोजा. जितक्या ओळी विणल्या साधारण तितकेच खांब घटलेले आढळले, तर कारण सापडले असे समजा.

ही वरची साखळी फारच त्रास देत असेल, तर दुसरी रीत वापरा: वळताना दोनच साखळ्या घाला, त्यांना टाका म्हणून अजिबात मोजू नका, पहिला खांब अगदी पहिल्याच टाक्यात घाला आणि शेवटी त्या साखळ्यांना हात न लावता वळा. दोन्ही रीती बरोबर आहेत; एकाच तुकड्यात त्यांची सरमिसळ मात्र करू नये. मुक्या खांबाला वळताना एक साखळी असते आणि ती सहसा टाका म्हणून मोजत नाहीत. अर्ध्या खांबाला दोन असतात, आणि त्या मोजायच्या की नाही हे प्रत्येक पॅटर्नवर अवलंबून असते, म्हणून तिथे सूचना वाचूनच पुढे जावे.

शाल उसवावी का? माझे मत स्पष्ट आहे: उसवा. क्रोशामध्ये एका वेळी सुईवर एकच फास जिवंत असतो, त्यामुळे उसवणे सोपे आणि निर्धोक असते; ज्या ओळीपर्यंत जायचे तिथल्या टाक्यात आधी मार्कर अडकवला की काम तिथेच थांबते. उसवलेली लोकर कुरळी होते. खरी लोकर असेल तर तिची सैल लडी करून, ओली करून, टांगून वाळवली की ती पुन्हा बरीच सरळ होते. केसाळ लोकर मात्र एकमेकींत अडकते, ती घाईने ओढू नका. कपाटातल्या बाकी वस्तूंबद्दल माझा सल्ला असा, की त्यांतली एकच पुढे न्यायला निवडा आणि उरलेल्यांची लोकर मोकळी करा. अर्धवट वस्तूंचा ढीग समोर असला की प्रत्येक नवी सुरुवात आधीच्या अपयशांच्या हिशेबात जाते, आणि तसा हिशेब मांडण्याचे काही कारण नाही.

गोल आसनाची गोष्ट मला अधिक रंजक वाटते, कारण तिथे चूक हाताची नसून आकड्यांची आहे. वर्तुळ सपाट राहण्यासाठी दर फेरीला ठरावीक इतकेच टाके वाढावे लागतात. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते, आणि त्रिज्या एवढी वाढली की परिघ तिच्या सव्वासहापटीने वाढतो. म्हणून मुक्या खांबांना दर फेरीला सहा टाके वाढवायचे असतात. पहिल्या फेरीत 6, मग 12, 18, 24, याप्रमाणे. अर्ध्या खांबाची उंची थोडी जास्त, म्हणून तिथे साधारण 8 ते 10. पूर्ण खांब जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून 12, 24, 36. तुम्ही दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घातले ते योग्यच होते, पण बहुधा पुढच्या फेऱ्यांतही तसेच करत राहिलात. मग संख्या 6, 12, 24, 48 अशी दुपटीने गेली आणि जास्तीच्या टाक्यांना सपाट जागाच उरली नाही. तिसऱ्या फेरीत एक टाका साधा आणि पुढच्या टाक्यात दोन, चौथीत दोन साधे आणि पुढच्या टाक्यात दोन, असा क्रम धरला की लाटा पडणार नाहीत. याउलट टाके कमी पडले, तर वर्तुळाची वाटी होते.

या लाटांचे गणितात मोठे काम झाले आहे, हे तुम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी 1997 मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन हायपरबोलिक प्रतलाचे, म्हणजे सपाट न राहता कडेला लाटांसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठाचे, टिकाऊ प्रारूप क्रोशाने विणले, आणि जी भूमिती कागदावर समजावणे कठीण जाते ती विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता येऊ लागली. प्रमाण ठरवून, जाणीवपूर्वक घातलेले जास्तीचे टाके त्यांना हवे होते. तुम्हाला सपाट आसन हवे होते, एवढाच फरक.

वर्तुळात आणखी एक जागा फसवी आहे. फेरी बंद करताना घातलेला मुका टाका (मुका खांब नव्हे, टोके जोडणारा स्लिप स्टिच) दिसायला खऱ्या टाक्यासारखाच असतो, आणि त्यात चुकून सुई गेली की दर फेरीला एक टाका वाढतो. फेरीतला पहिला टाका विणताक्षणीच त्यात मार्कर अडकवणे, हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

पॅटर्न वाचता येत नाहीत, याची खंतही तुमच्या पत्रात जाणवते. इंग्रजी पॅटर्नमध्ये गोंधळाचे एक खरे कारण आहे: अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि पुढची सगळी नावे त्याच रीतीने एकेक घर सरकतात. पॅटर्न कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता विणले, तर मुक्या खांबाच्या जागी खांब येतो आणि मोजमाप पार बिघडते. 'सिंगल क्रोशे' हे नाव पॅटर्नमध्ये कुठेही आले असेल, तर तो अमेरिकी पद्धतीचा समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नाव सहसा वापरत नाहीत. पण माझा आग्रह असा, की चिन्हांचा तक्ता वाचायला शिका. त्यात लहान लंबगोल म्हणजे साखळी, ठिपका म्हणजे मुका टाका, अधिक किंवा फुलीचे चिन्ह म्हणजे मुका खांब, आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखी उभी रेघ म्हणजे अर्धा खांब. त्या उभ्या रेघेवर एक तिरकी काट मारलेली असली की एका वेढ्याचा खांब, दोन असल्या की दोन वेढ्यांचा. मुख्य म्हणजे, कोणत्या टाक्याचा पाय कोणत्या टाक्यात रोवलेला आहे हे तक्त्यात सरळ दिसते, आणि नेमकी तीच नजर तुम्हाला कमावायची आहे.

हाताच्या ताणाबद्दल थोडेसे. सुरुवातीची साखळी बहुतेकांची आवळली जाते आणि मग तुकडा खालून अरुंद, वर रुंद होतो. तेवढ्या साखळीपुरती अर्ध्या किंवा एका मापाने मोठी सुई वापरावी. फास सुईच्या टोकाजवळच्या अरुंद खाचेवर आवळू न देता जाड दांड्यावर येऊ द्यावा, कारण टाक्याचे माप तो दांडा ठरवतो. खांबासाठी पहिला फास तुम्ही किती वर ओढता यावर ओळीची उंची ठरते; तो एकसारखा ओढण्याकडे लक्ष दिले की वीण आपोआप एकसारखी दिसू लागते. सुई पेनासारखी धरावी की सुरीसारखी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मनगट दुखणार नाही ती पकड बरोबर. अंगावर घालायची वस्तू करायची असेल, तर आधी 15 सेंमीचा नमुना विणून, धुऊन, वाळवून त्याच्या मधल्या 10 सेंमीतले टाके आणि ओळी मोजाव्यात.

आता तुम्हाला ज्यांची ओढ आहे त्या टाक्यांकडे वळू. माझ्या मते पहिला क्रमांक पॉपकॉर्नचा नसून एकाच धाग्यात विणण्याचा आहे. टाक्याच्या डोक्यातल्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात सुई घालून मुक्या खांबांच्या ओळी विणल्या, तर कापडाला लवचिक पट्ट्या येतात, टोपीच्या किंवा बाहीच्या कडेला शोभतील अशा. नवे काहीही न शिकता केवळ सुईची जागा बदलून कापड किती बदलते, हे इथे हाताला कळते. त्यानंतर खांबाच्या डोक्यात सुई न घालता त्याच्या दांड्याभोवती समोरून किंवा मागून सुई फिरवून खांब घालून पाहा. समोरून घातलेला खांब वर उठतो, मागून घातलेला आत जातो. केबल म्हणजे याच उठलेल्या खांबांची अदलाबदल: दोन खांब सोडून पुढच्या दोघांभोवती आधी विणायचे आणि मग मागे येऊन सोडलेल्या दोघांभोवती. अशी वीण जाड होते, लोकर जास्त खाते आणि थोडी आक्रसते, हे लक्षात ठेवून टाके घ्यावेत.

मग पॉपकॉर्न आणि बॉबल दोन्ही शेजारी-शेजारी विणा, म्हणजे फरक पक्का होईल. बॉबलमध्ये पाचही खांब शेवटच्या ओढीआधी थांबवायचे, सुईवर सहा फास जमतात आणि दोरा त्या सहांतून एकदम काढायचा. बॉबलचा फुगवटा मागच्या बाजूला जास्त येतो, म्हणून तो सहसा उलट्या बाजूच्या ओळीत विणतात. पॉपकॉर्न जास्त ठसठशीत उठतो. तुमच्या मैत्रिणीचे ब्लँकेट पाहायला मिळाले, तर ते उलटे करून पाहा. मागच्या बाजूने टाक्याची बांधणी जितकी समजते तितकी समोरून समजत नाही.

तुमच्या अडचणीवर औषध म्हणून मी खरे तर फिले क्रोशे सुचवेन. त्यात चौकोनांची जाळी असते: एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब, हे रिकामे घर, साखळ्यांऐवजी दोन खांब घातले की भरलेले घर. प्रत्येक घराला तीन टाके आणि शेवटी एक जास्तीचा, म्हणजे वीस घरांच्या ओळीला 61. नक्षी चौकटीच्या कागदावर स्वतः काढता येते, आणि एक टाका जरी चुकला तरी ते घर लगेच तिरके दिसते, त्यामुळे चूक दहा ओळी लपून राहत नाही. टाके मोजायची आणि तक्ता वाचायची सवय यातून जितकी सहज लागते तितकी दुसऱ्या कशातून लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ट्युनिशियन क्रोशे सध्या तुमच्यासाठी निकडीचे नाही. त्यात लांब सुईवर संपूर्ण ओळीचे फास उचलत जायचे आणि परतताना एकेक सोडवायचे असतात, काम उलटायचे नसते, आणि वीण गुंडाळली जाऊ नये म्हणून नेहमीपेक्षा मोठी सुई घ्यावी लागते. आयरिश क्रोशे मात्र मनात ठेवा. 1845 मध्ये सुरू झालेल्या भीषण दुष्काळाच्या काळात आयर्लंडमधील अनेक कुटुंबांना या लेसने उत्पन्नाचा आधार दिला. त्यात गुलाब, पाने यांसारखे नमुने जाड दोऱ्यावरून सुटे-सुटे विणले जातात, मग ते कापडावर मांडून टाचून घेतात आणि मधली जागा जाळीने भरतात. एवढी नाजूक दिसणारी लेसही लहान-लहान, स्वतंत्रपणे पुऱ्या होणाऱ्या तुकड्यांची असते. अर्धवट कामांनी खचलेल्या व्यक्तीला ही रचना फार मानवते, आणि पहिले फूल बारीक सुतातच विणले पाहिजे असेही नाही. मध्यम जाडीच्या सुती दोऱ्यात तुम्ही ते याच महिन्यात करू शकता.

ही कला हातात नाही का, या तुमच्या प्रश्नाला मी आता थेट उत्तर देते. ज्या व्यक्तीची शाल दोन्ही बाजूंनी सारखीच निमुळती होते, तिचा हात एकसारखा चालतो. बेशिस्त हाताच्या चुकाही बेशिस्त असतात. तुमची चूक प्रत्येक ओळीत नेमाने एकाच जागी झाली आहे. अशा हाताला योग्य जागा दाखवली की तो तितक्याच नेमाने बरोबर विणतो. मैत्रीण तुमच्यानंतर शिकून पुढे गेली, याचे कारण तिला कोणीतरी शेजारी बसून टाके दाखवले असेल किंवा तिने पहिल्यापासून मोजायची सवय लावली असेल. तिलाच विचारा, आणि तिच्याकडून पॉपकॉर्न शिकण्याऐवजी तुमच्या शालीची कड तिला दाखवा.

वर्गाला जायचे असेल तर जरूर जा, पण नाव घालण्याआधी तिथे किती टाके शिकवतात हे विचारू नका. आपण विणलेले अर्धवट काम आणलेले चालेल का, शिक्षिका त्यातली चूक शोधायला शिकवतील की स्वतः सुधारून परत देतील, आणि तक्ता वाचणे अभ्यासात आहे का, हे तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'आम्ही सुधारून देतो' असे आले, तर तो वर्ग सध्या तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही डावखुऱ्या असाल, तर तेही आधीच सांगा, कारण अशा वेळी शिक्षिकेच्या शेजारी न बसता समोरासमोर बसून शिकणे सोपे जाते.